काटा उशिराच हलायला हवा

अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरातून ७ ऑक्टोबर १९६३ रोजी एका छोट्या जेट विमानाने पहिले उड्डाण केले. त्याचे नाव लिअरजेट २३. दोन वैमानिक आणि चार ते सहा प्रवासी एवढीच त्याची क्षमता. ते बांधणारे विल्यम लिअर हे शाळा अर्धवट सोडलेले गृहस्थ. मोटारीतला रेडिओ, विमानाचा स्वयंचालक, आठ मार्गांची ध्वनिफीत अशा नाना उद्योगांत त्यांचा हात होता. स्वित्झर्लंडच्या पी-१६ या लढाऊ विमानाचा प्रकल्प बारगळला, तेव्हा त्याच्या पंखांची कल्पना त्यांनी उचलली आणि तिच्यातून उद्योगपतींसाठी विमान केले. ब्रिटनचे एचएस-१२५ आणि फ्रान्सचे फाल्कन-२० ही त्याच जातीची विमाने. तीही १९६२-६३ मध्येच प्रथम उडाली.

या पिढीचे दिवस आता सरले आहेत. पहिल्या लिअरजेटांची इंजिने फार गोंगाट करणारी होती आणि ३१ डिसेंबर २०१५ नंतर अमेरिकेने अशा लहान विमानांनाही आवाजाची मर्यादा घातली. बरीचशी विमाने भंगारात गेली, काही संग्रहालयांत उभी राहिली. जी उडत राहिली त्यांच्या जुन्या तबकड्या काढून जागी पडदे बसवले गेले. लिअरजेटचे उत्पादनही २०२२ मध्ये थांबले.

पण जगभर काही मंडळी या विमानांचे चालककक्ष पुन्हा उभे करण्याच्या मागे लागली आहेत. ती दोन प्रकारची आहेत. काही जण संगणकाच्या पडद्यावर कक्ष उभारतात. जुन्या विमानात बसून शेकडो छायाचित्रे घ्यायची, त्यांवरून प्रत्येक बटणाचे, खटक्याचे, तबकडीचे त्रिमितीय चित्र तयार करायचे आणि त्याला उड्डाणाच्या आज्ञावलीची जोड द्यायची. दुसरे त्याहून धाडसी. ते भंगारातल्या विमानाचे कापलेले नाकच घरी आणतात आणि त्यातली खरी उपकरणे संगणकाच्या हुकमाने चालवतात. दोघांचीही मुख्य अडचण मात्र एकच आहे, आणि ती भौतिकशास्त्राची असल्यामुळे शिक्षकांसमोर मांडावीशी वाटते.

अडचण अशी. खऱ्या विमानातल्या उपकरणाला विमानाची उंची ठाऊक नसते. त्याला फक्त बाहेरच्या हवेचा दाब कळतो. त्या दाबावरून ते उंचीचा अंदाज बांधते, तोही थोडा उशिरा आणि थोडा चुकीचा. संगणकाचे नेमके उलट असते. आभासी विमान कुठे आहे, किती उंचीवर आहे, किती वेगाने चढते आहे हे त्याला पुष्कळ दशांश स्थळांपर्यंत ठाऊक असते, कारण ते आकडे त्यानेच काढलेले असतात. ते आकडे तसेच तबकडीवर दाखवले, तर चित्र हुबेहूब जुन्या विमानाचे आणि काटे मात्र सर्वज्ञ, असा विचित्र प्रकार होतो. म्हणून कक्ष उभारणाऱ्याला उलटे चालावे लागते. खऱ्या उंचीवरून दाब काढायचा, मग तो दाब एखाद्या पितळी यंत्राने कसा वाचला असता याचे गणित करायचे आणि ते उत्तर काट्याला द्यायचे. संगणकाला सत्य येते. त्याला उपकरणाची चूक शिकवावी लागते.

उंचीमापक घेऊ. शाळेच्या प्रयोगशाळेतला निर्द्रव वायुभारमापक आणि विमानाचा उंचीमापक ही सख्खी भावंडे. आत पातळ धातूच्या, हवा काढून घेतलेल्या डब्या असतात. बाहेरचा दाब कमी झाला की त्या फुगतात आणि ती अतिशय लहान हालचाल दंतचक्रांनी मोठी करून काट्यापर्यंत पोचवली जाते. दाबावरून उंची काढण्यासाठी ‘प्रमाण वातावरण’ गृहीत धरलेले असते. समुद्रसपाटीला दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल आणि तापमान १५ अंश सेल्सिअस. साडेपाच किलोमीटरवर दाब निम्मा होतो आणि ४१,००० फुटांवर, म्हणजे साडेबारा किलोमीटरवर, तो जेमतेम १७९ हेक्टोपास्कल उरतो.

प्रत्यक्ष हवा या प्रमाणाला बांधलेली नसते. भारतावरची हवा बहुधा प्रमाणापेक्षा उबदार असते, आणि उबदार हवा फुगलेली असल्यामुळे तोच दाब अधिक उंचीवर सापडतो. हवेचा सबंध स्तंभ १० अंशांनी उबदार असेल तर फरक सुमारे चार टक्क्यांचा पडतो. काटा ४०,००० फूट दाखवत असतो तेव्हा विमान खरोखर ४१,६०० फुटांच्या आसपास असते. मग विमाने एकमेकांवर आदळत कशी नाहीत? कारण त्या भागातल्या सगळ्याच विमानांचे काटे सारखेच चुकतात. आभासी विमानातही हवामान उबदार केले की काट्याने असेच चुकायला हवे.

याहून मजेदार गोष्ट पुढेच आहे. समुद्रसपाटीजवळ दाब एक हेक्टोपास्कलने उतरायला सुमारे ८ मीटर चढावे लागते. ४१,००० फुटांवर त्याच एका हेक्टोपास्कलसाठी ३५ मीटर, म्हणजे जवळजवळ ११५ फूट चढावे लागते. डब्या त्याच, दंतचक्रे तीच. पण त्यांना मिळणारा इशारा एकचतुर्थांश झालेला. उपकरणातली बारीकशी चूकही तिथे शेकडो फुटांची होऊन बसते. म्हणूनच २९,००० फुटांच्या वर दोन विमानांत एक हजाराऐवजी दोन हजार फुटांचे अंतर ठेवण्याचा नियम होता. उपकरणे सुधारल्यावर ते अंतर पुन्हा हजार फुटांवर आणण्यात आले. अमेरिकेत हा बदल २० जानेवारी २००५ रोजी झाला. ज्या जुन्या विमानांचे उंचीमापक तेवढे अचूक नव्हते, त्यांच्यापुढे उपकरणे बदलणे किंवा खालच्या उंचीवरून जास्त इंधन जाळत जाणे असे दोनच मार्ग उरले. कितीतरी मूळ तबकड्या त्या वर्षांत निघाल्या. जुन्या चालककक्षांचा अभ्यास करणाऱ्याला अस्सल नमुना मिळणे अवघड का होते, याचे एक कारण हे.

दंतचक्रांमध्ये घर्षण आलेच. पाठ्यपुस्तकात आपण शिकवतो की थांबलेली वस्तू हलवायला लागणारे स्थितिक घर्षण हे हलत्या वस्तूच्या घर्षणापेक्षा जास्त असते. त्यामुळे काटा जागी अडून बसतो आणि दाब पुरेसा बदलला की टुणकन पुढे जातो. पंख्याच्या इंजिनांच्या काळात कोणाला याची फारशी फिकीर नव्हती, कारण इंजिनाच्या थरथरीने सगळे पॅनेल सतत हलत असे आणि काटे आपोआप मोकळे राहत. जेट विमान आले ते गुळगुळीत चालीचे. काटे अडू लागले! उपाय असा निघाला की उपकरणात विजेवर चालणारा एक छोटा कंपक बसवायचा. सुखावह विमानात मुद्दाम थरथर पैदा करणारे यंत्र. तो कंपक बंद पडला की काटा पुन्हा धक्क्याधक्क्याने चालू लागतो आणि वैमानिक काचेवर टिचकी मारतो. आभासी कक्षात कंपकाचा खटका दाखवणारे पुष्कळ आहेत. खटका बंद केल्यावर काटा अडतो की नाही, हे पाहून आम्ही त्या कामाची पारख करू.

अशा वेळी सुधारणा करण्याचा मोह होतो, आणि तो टाळणे महत्त्वाचे आहे. जुन्या उंचीमापकात तीन काटे असत. लांब काटा शेकड्यांचा, आखूड हजारांचा आणि तिसरा, अगदी चिमुकला, दहा हजारांचा. हा चिमुकला काटा मोठ्या काट्याआड सहज लपे. १९५८ च्या एप्रिलमध्ये स्कॉटलंडमध्ये एक व्हायकाउंट आणि त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी दक्षिण इंग्लंडमध्ये एक ब्रिटानिया अशी दोन विमाने जमिनीवर आदळली. दोन्हींत वैमानिकांनी उंची दहा हजार फुटांनी चुकीची वाचली होती. ब्रिटानियाच्या अपघातात बारापैकी नऊ जण दगावले. यानंतर तबकडीची रचना बदलत गेली. एका काट्याबरोबर आकड्यांचे फिरते पिंप आले. आता समजा, कोणी त्या काळचा कक्ष उभारताना तिसरा काटा वाचायला सोपा जावा म्हणून जरा मोठा आणि ठळक काढला. दिसायला हा केवढासा फरक! पण त्या दोन अपघातांमागचे कारणच त्याने पुसून टाकले. पुढचा अभ्यासक ती तबकडी पाहून म्हणेल, एवढे स्पष्ट दिसत असताना हे लोक चुकले कसे?

शीर्षकातला काटा मात्र दुसऱ्या उपकरणातला आहे. विमान मिनिटाला किती फूट चढते किंवा उतरते हे दाखवणारा तो चढ-उतार मापक. त्याची युक्ती फार देखणी आहे. बाहेरच्या हवेला जोडलेली एक डबी, एका बंद पेटीत ठेवलेली. पेटीही बाहेरच्या हवेला जोडलेली असते, पण अतिशय बारीक छिद्रातून किंवा केशनलिकेतून. विमान चढू लागले की डबीतला दाब लगेच उतरतो. पेटीतला मात्र छिद्रातून झिरपत झिरपत, मागून येतो. हा दोहोंमधला फरक म्हणजेच चढण्याचा वेग. विमान सरळ उडू लागले की पेटीतली हवा डबीला गाठते आणि काटा शून्यावर येतो. फरक तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून काटाही उशिरा बोलतो. जुन्या उपकरणांत तो स्थिरावायला सहा ते नऊ सेकंद लागत. विलंब हा इथे दोष नाही. ज्या झिरपण्यामुळे उपकरण चालते, त्याच झिरपण्याचा तो दुसरा चेहरा आहे. विलंब काढून टाकला तर उपकरणच उरत नाही.

याचे गणित बारावीच्या वर्गात करता येईल. काटा दर क्षणी खऱ्या किमतीकडे धावतो आणि त्याचा वेग उरलेल्या अंतराच्या प्रमाणात असतो. कपातला चहा निवण्याचा नियम तो हाच. कालस्थिरांक तीन सेकंद धरू. विमान एकाएकी मिनिटाला २,००० फुटांनी चढू लागले, तर काटा एका सेकंदानंतर सुमारे ५७० दाखवेल, तीन सेकंदांनी १,२६०, सहा सेकंदांनी १,७३० आणि नऊ सेकंदांनी १,९००. संगणकात हे एका ओळीचे काम आहे. चित्र दर वेळी नव्याने काढताना काट्याला उरलेल्या अंतराच्या अमुक भागाने पुढे न्यायचे. सेकंदाला तीस चित्रे निघत असतील तर तो भाग एकनव्वदांश. पण हा एकनव्वदांश आज्ञावलीत कायमचा लिहून ठेवला की फसगत होते. दुसऱ्याच्या संगणकावर सेकंदाला साठ चित्रे निघतात. तिथे कालस्थिरांक दीड सेकंदावर येतो. म्हणजे महागडा संगणक घेतला म्हणून १९६० च्या दशकातल्या यंत्रातली हवा दुप्पट वेगाने झिरपू लागली! योग्य रीत अशी, की दोन चित्रांमध्ये प्रत्यक्ष किती वेळ गेला ते मोजायचे आणि त्याला तीन सेकंदांनी भागून तो भाग ठरवायचा.

वेगमापकाचेही असेच. समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजून तो वेग सांगतो, आणि हवा विरळ झाली की कमी सांगतो. ४१,००० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या चौथ्या हिश्शापेक्षाही कमी असते. विमान खरोखर ४५० नॉटने जात असता तबकडी २३० च्या आसपास दाखवते. नवख्याला वाटते, आज्ञावली बिघडली. ती बरोबर असते. पंखांनाही त्या विरळ हवेत तेवढाच, २३० नॉटचाच आधार जाणवत असतो. वैमानिकाला जिवासाठी हवा असतो तो हाच आकडा.

इंजिनांबद्दल थोडक्यात सांगतो. पहिल्या लिअरजेटांचे जनरल इलेक्ट्रिकचे सीजे-६१० हे इंजिन एकाच दांड्यावर फिरणारे, लष्करी इंजिनापासून निघालेले होते. सत्तरच्या दशकातल्या लिअरजेट ३५ ला गॅरेट कंपनीचे दोन दांड्यांचे, पुढे मोठा पंखा असलेले इंजिन आले. एकाची तबकडी दुसऱ्याला चिकटवून भागत नाही. फेऱ्या किती, त्या चढायला वेळ किती, तापमान कुठे जाऊन थांबते, सगळेच निराळे.

आता खरी उपकरणे वापरणाऱ्या दुसऱ्या मंडळींकडे वळू. त्यांना हे झिरपणे-अडणे आयतेच मिळते, असे वाटेल. काही अंशी ते खरेही आहे; पण भंगारातली तबकडी घरच्या विजेवर चालत नाही. आपल्या घरात सेकंदाला ५० आवर्तनांची प्रत्यावर्ती वीज येते, विमानात ४०० आवर्तनांची. कारण सरळ आहे. आवर्तने जितकी जास्त तितके तेवढ्याच कामाचे रोहित्र लहान आणि हलके करता येते, आणि विमानात वजनाला मोल आहे. याचा एक श्राव्य परिणामही होतो. रोहित्राचा लोखंडी गाभा एका आवर्तनात दोनदा ताणतो-सैलावतो, म्हणून त्याची गुणगुण विजेच्या दुप्पट वारंवारतेची असते. आपल्या कोपऱ्यावरचे रोहित्र १०० वर घुमते, विमानातले ८०० वर. हार्मोनियमवर तार सप्तकातली पांढरी पाच दाबली तर जवळपास तोच स्वर निघेल.

शिवाय या तबकड्यांना आकडा पाठवता येत नाही. कोन पाठवावा लागतो. त्यासाठी सिंक्रो नावाचे साधन असते. एका फिरत्या वेटोळ्याभोवती एकमेकांशी १२० अंशांचे कोन करणारी तीन स्थिर वेटोळी. आतले वेटोळे ज्या कोनात असेल त्याच्या साइनच्या प्रमाणात तिन्हींत विद्युतदाब निर्माण होतो. कोन ३० अंश असेल तर दाब ०.५, ०.५ आणि उणे १ या प्रमाणात. बेरीज नेहमी शून्य. तीन तारांवरचे हे तीन दाब पलीकडच्या तशाच साधनाला दिले, की त्याचे वेटोळे आपसूक त्याच कोनात जाऊन उभे राहते. संगणकाकडून उपकरणाकडे जाताना हे तीन दाब कृत्रिमरीत्या बनवावे लागतात. त्रिकोणमिती कशासाठी शिकायची, असे विचारणाऱ्या मुलांना हे उदाहरण जरूर द्यावे.

तसे पाहिले तर या खटाटोपाची सुरुवातही झिरपत्या हवेनेच झाली. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गन म्हणजे भाते, झडपा आणि हवेच्या नळ्या. तेच सामान वापरून लिंक यांनी १९२९ मध्ये एक ठोकळेबाज विमान केले, जे भात्यांवर डुलत असे. लोकांनी ते जत्रेतले खेळणे समजून बाजूला ठेवले. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहण्याचे काम पडले. हिवाळ्यात, ढगांत, केवळ उपकरणांवर उडण्याची सवय नसल्यामुळे बरेच वैमानिक प्राणाला मुकले. त्यानंतर लष्कराने लिंक यांची सहा यंत्रे घेतली. त्या पेटीचे झाकण लावले की बाहेरचे काही दिसत नसे. समोर फक्त तबकड्या. काट्यावर विश्वास किती, कधी आणि कसा ठेवायचा, एवढेच ते यंत्र शिकवत असे.

म्हणूनच जुन्या जेटच्या आभासी कक्षात रंगाचे पोपडे, झिजलेली कातडी, घासून पुसट झालेली अक्षरे यांवर महिनोन्‌महिने खर्च होतात आणि काटा मात्र संगणकाचा आकडा जसाच्या तसा सांगतो, हे पाहून आम्हाला हळहळ वाटते. पोपडे छायाचित्रात टिकून राहतात. काट्याची चाल छायाचित्रात येत नाही. ती देखभालीच्या पुस्तिकांत असते आणि ज्यांनी ती विमाने उडवली, दुरुस्त केली, त्यांच्या आठवणीत असते. त्यांतले तरुणही आता निवृत्त झाले आहेत.

चढ-उतार मापक शाळेत करून पाहता येतो. अर्धा लिटरचा चांगला थर्मास घ्यावा. साध्या बाटलीने काम होत नाही, कारण आतली हवा एका अंशाने तापली तरी पाण्याचा स्तंभ ३४ मिलिमीटरने हलतो आणि सगळा प्रयोग बुडतो. ग्लायडर विमानांच्या अशा उपकरणांतही थर्मासच वापरतात. थर्मासला दोन भोकांचे रबरी बूच बसवून एका भोकात रंगीत पाण्याची यू आकाराची नळी जोडावी आणि दुसरे भोक मेणाने बंद करावे. कुठूनही हवा गळता कामा नये. थर्मास घेऊन दोन मजले, म्हणजे सहा मीटर चढल्यास नळीच्या दोन बाजूंच्या पातळ्यांत सुमारे ७ मिलिमीटरचा फरक पडतो आणि तो टिकून राहतो. हा झाला उंचीमापक. आता मेण काढून त्या भोकात इंजेक्शनची बारीक सुई शिक्षकांनी स्वतः बसवावी, टोक आतल्या बाजूला ठेवून. पुन्हा त्याच चालीने जिना चढल्यास फरक तीन-चार मिलिमीटरपर्यंत वाढतो, चढत असेपर्यंत तेवढाच राहतो आणि वर थांबल्यावर हळूहळू शून्यावर येतो. शून्यावर यायला लागणारा वेळ घड्याळाने मोजावा. सुईच्या जाडीप्रमाणे तो काही सेकंदांपासून मिनिट-दोन मिनिटांपर्यंत निघेल. मुलांना दोन वेगवेगळ्या जाडीच्या सुयांनी तो मोजू द्यावा.